कंपवात, कुटुंब आणि विसरलेला ‘उपस्थाता’



कंपवाताविषयी आपल्यात जेव्हा जेव्हा चर्चा होते, तेव्हा ती बहुधा तीन प्रश्नांभोवती फिरते : कपिकच्छूची मात्रा किती असावी, बस्ती कोणता द्यावा, आणि आधुनिक गोळ्या चालू असताना आपली औषधे कशी योजावीत. या प्रश्नांचे महत्त्व मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु मोखाडा-जव्हारच्या डोंगरपट्ट्यात जवळजवळ दोन दशके व्यवसाय केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, या व्याधीची सर्वांत मोठी झीज रुग्णाच्या घरात, आणि नेमके सांगायचे तर त्याच्या सहजीवनात होते. ती झीज आपण पाहत नाही, तिच्याविषयी विचारत नाही, आणि म्हणून तिच्यावर उपचारही करीत नाही. या उणिवेकडे लक्ष वेधणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आणि आरंभीच कबूल करतो की, या उणिवेचा पहिला दोषी मी स्वतः आहे.

एक कबुली

काही वर्षांपूर्वी खोडाळ्याकडील एका पाड्यावरचे साठीच्या घरातील वारली गृहस्थ माझ्याकडे येऊ लागले. उजव्या हाताची बोटे स्वस्थ बसले असता थरथरत. चालताना तो हात अंगाला चिकटून राही. पाऊल आखूड पडे. हे गृहस्थ पूर्वी तारपा वाजवीत. भोपळ्याचे आणि नळ्यांचे हे वाद्य ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की, त्यात श्वास तुटू द्यावयाचा नसतो आणि बोटे छिद्रांवर नेमकी पडावी लागतात. त्यांची बोटे चुकू लागली, दम पुरेना, आणि तारपा एकदा आढ्याला टांगला गेला तो तिथेच राहिला. मी निदान केले, नाशिकच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडून त्याची खातरजमा करून घेतली, आणि त्यांच्या गोळ्यांच्या जोडीने अभ्यंग, मृदु स्वेदन व मात्राबस्ती असा क्रम ठेवला. कंप उणावला, मलावष्टंभ सुटला. मी समाधानी होतो. केसपेपरवर दर महिन्याला ‘उपशय’ असे लिहीत होतो.

त्यांची पत्नी प्रत्येक खेपेस बरोबर येई आणि दाराशी बसून राही. दोन वर्षांत मी तिला एकच प्रश्न विचारीत आलो : “औषध वेळेवर देता ना?” एके दिवशी पिशवी उचलताना तिच्या दंडावरचा काळानिळा वळ माझ्या नजरेस पडला. नवऱ्याला अभ्यंगासाठी आत पाठवून मी तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “रातचा मारतो, डाक्टर. झोपेतच. सकाळी विचारलं तर म्हणतो, मी नाय मारलं. आणि आता हसत पण नाय कधी. माझा माणूस नाय राहिला तो.”

वर्षभर ती ओटीवर वेगळी झोपत होती. भगताने अंगात काही शिरल्याचे सांगितले होते. त्यापायी दोन कोंबडी आणि बरीच शांतता गेली होती. थोरल्या मुलाने बापाशी बोलणे टाकले होते. आणि मी ‘उपशय’ लिहीत होतो!

वस्तुतः त्या दोन्ही तक्रारी व्याधीच्याच होत्या. निरोगी माणसाचे शरीर स्वप्न पाहत असताना शिथिल असते. कंपवाताच्या अनेक रुग्णांत ही शिथिलता नाहीशी होते आणि माणूस स्वप्नातली झटापट हातापायांनी करू लागतो. हे लक्षण कंप दिसण्याच्या कित्येक वर्षे आधीही असू शकते. दुसरी तक्रार हसण्याची. चेहऱ्याचे स्नायू ताठर होतात, पापण्या कमी लवतात, मनात आलेले तोंडावर उमटत नाही. आपल्या भागातील बोहाडा सर्वांनी पाहिलेला आहे. मुखवटा चढवला की आतला माणूस हसतो आहे की दमला आहे हे बाहेरच्यास कळत नाही. मी त्या बाईंना तेच सांगितले : आजाराने तुमच्या माणसाच्या तोंडावर मुखवटा चढवला आहे, आत तोच आहे. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग विचारले, “म्हणजे आतून हसतो का?” मी म्हटले, “ते तुम्ही त्यांनाच विचारा.”

त्यानंतर दोघांची अंथरुणे जमिनीवर, मध्ये गोधडीची वळकटी ठेवून घालावयास सांगितली. उशाजवळची कोयती आणि काठी हलवली. रात्रीच्या लक्षणाची चिठ्ठी मेंदूविकारतज्ज्ञांना लिहिली व त्यांनी त्यावर औषध योजले. मारणे जवळजवळ थांबले. थोरला मुलगा मात्र अजूनही बापाशी मोजकेच बोलतो. दोन वर्षांपूर्वी मी एक प्रश्न अधिक विचारला असता, तर कदाचित हे टळले असते.

शास्त्राने सांगितलेला तिसरा पाद

जेम्स पार्किन्सन यांनी लंडनमध्ये १८१७ साली या व्याधीवरील निबंध प्रसिद्ध केला. आपल्याकडे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात वाताच्या ऐंशी नानात्मज विकारांत वेपथूची गणना केली आहे, माधवनिदानात वेपथूचे वर्णन आहे, आणि बसवराजीयात कंपवात हे नाव येते. व्याधीच्या प्राचीनत्वाचा हा दाखला आपण व्याख्यानांतून अभिमानाने देतो. परंतु त्याच सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायातील चतुष्पादांचा दाखला या व्याधीच्या संदर्भात क्वचितच दिला जातो.

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद. प्रत्येकाचे चार, असे एकूण सोळा गुण. उपस्थात्याचे गुण कोणते? उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. आता आपल्या प्रत्यक्ष व्यवहाराकडे पाहू. भिषक् म्हणून आपण स्वतःची चिंता वाहतो. द्रव्याची चिंता आपण आणि औषधी-विक्रेते मिळून वाहतो. रोग्याची नाडी पाहतो. आणि उपस्थात्याच्या बाबतीत आपण असे गृहीत धरतो की, पत्नी आहे म्हणजे चारही गुण आपोआप आले.

हे गृहीतच चुकीचे आहे. विवाहातून फार तर अनुराग येईल. उपचारज्ञता कोणाच्याही लग्नात आंदण म्हणून मिळत नाही. ती वैद्याने शिकवावी लागते. आणि ज्ञानाविना दीर्घकाळ केलेली सेवा अनुरागालाही शेवटी पोखरते, हा अनुभव आहे. ज्वराचा उपस्थाता आठ दिवसांचा असतो. कंपवाताचा उपस्थाता दहा, पंधरा, कधी वीस वर्षांचा असतो. त्याला शिकवावयाचे नाही, त्याची विचारपूस करावयाची नाही, आणि एक पाद खिळखिळा असता उरलेल्या तीन पादांवर चिकित्सा उभी राहील अशी अपेक्षा धरावयाची, हे शास्त्राला धरून नाही.

घरात नेमके काय घडते

कंपाने संसार सहसा मोडत नाही. कंप सर्वांना दिसतो आणि म्हणून त्याला क्षमा मिळते. संसारावर घाव घालतात ती न दिसणारी लक्षणे. आवाज बारीक होतो; पत्नीला वाटते, हे मुद्दाम पुटपुटतात. हालचाल मंदावते, मुलाला वाटते, म्हातारा कामचुकार झाला. सकाळी गोळीचा असर असताना माणूस अंगणात चालतो आणि दुपारी तोच उंबऱ्याशी खिळतो. शेजारणीला वाटते, ढोंग आहे. विषाद येतो, आणि तो केवळ आजाराच्या दुःखातून नव्हे, तर मेंदूतील त्याच बिघाडाचा भाग म्हणूनही येतो. कामेच्छा किंवा सामर्थ्य मंदावते आणि त्याविषयी दोघांपैकी कोणी चकार शब्द काढीत नाही. पुढे काही रुग्णांना भास होतात, क्वचित पत्नीच्या चारित्र्याविषयी निराधार संशय जडतो. चाळीस वर्षे बरोबर नांगरणी-आवणी केलेल्या बाईला सत्तरीत असा आरोप ऐकावा लागतो, तेव्हा ‘हा आजाराचा बोल आहे’ हे तिला सांगणारे कोणीतरी हवे. ते आपण नसलो तर कोण?

आपल्या भागात याला आणखी दोन पदर आहेत. पहिला स्थलांतराचा. भातकापणी आटोपून दिवाळी सरली की तरणी माणसे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, रेतीच्या कामावर भिवंडी-वसईकडे जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. मध्यंतरीच्या महिन्यांत पाड्यावर उरतात म्हातारा, म्हातारी आणि एखादे नातवंड. शहरातील ग्रंथांत लिहिलेले ‘कुटुंबीयांनी पाळीपाळीने सेवा करावी’ हे वाक्य येथे निरर्थक ठरते. पाळी बदलावयास माणूसच नसते.

दुसरा पदर स्त्री-रुग्णाचा. नवरा आजारी पडला तर पत्नी उपस्थाता होते, हे समाजाने ठरवून टाकले आहे. पत्नी आजारी पडली तर काय, हे समाजाने ठरवलेलेच नाही. वैतरणेवर मुंबईसाठी धरणे ज्या तालुक्यात उभी राहिली, त्या तालुक्यात आजही उन्हाळ्यात कित्येक पाड्यांवर डोईवर हंडे घेऊन उतार चढावा लागतो. जिचे पाऊल उतारावर खिळते आणि जिची मान हंड्याखाली डुगडुगते, ती बाई सासरच्या हिशेबात ‘कामातून गेलेली’ ठरते. नाचणीची भाकरी थापता येईना, की तिला माहेरी ‘चार दिवस’ पाठवले जाते, आणि ते चार दिवस लांबत जातात. रुग्णेचा पती समोर बसला असता मी आता आडपडदा न ठेवता सांगतो : हंडा तुम्ही उचला, भाकरी तुम्ही थापा, यांना निवडण-टिपण बसून करू द्या. एकाने हसून विचारले होते, “लोक काय म्हणतील?” मी विचारले, “लोक हिला औषध देणार आहेत का?” तो पुढच्या वेळी पुन्हा तिला घेऊन आला, एवढेच मी त्याच्या बाजूने सांगू शकतो, आणि ते थोडे नाही.

लपवलेला आजार

जव्हार बाजाराकडील एका व्यापारी घरातील पन्नाशीच्या बाई हात पदराखाली धरून बसत. कपबशी पाहुण्यांसमोर नेणे त्यांनी सोडले होते. पतीची एकच विनंती होती, “मुलीचं जमेपर्यंत कुठं बोलू नका, डॉक्टरसाहेब.” त्यासाठी तपासणी पुढे ढकलली, फिरणे बंद केले, मंदिर सोडले, नातलगांच्या लग्नांना जाणे सोडले. दीड वर्षात आजारापेक्षा कोंडल्या जागेनेच त्या अधिक खचल्या होत्या.

या भीतीला आपण शास्त्रीय उत्तर द्यावयास हवे. हा व्याधी संसर्गजन्य नाही. बहुसंख्य रुग्णांत तो थेट पिढीजात चालत आलेला नसतो. एकाच जनुकातील दोषामुळे होणारे प्रकार थोडे असून फार लहान वयात लक्षणे सुरू झाली किंवा एकाच घरात अनेकांना झाला, तर तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. तो वयाशी निगडित आहे. मुंबईच्या पारशी वस्त्यांत केलेल्या आणि १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ३२८ रुग्ण आढळले. त्या समाजातील वृद्धांचे मोठे प्रमाण हे त्याचे एक ठळक कारण होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात ८५ लाखांहून अधिक लोक या व्याधीने ग्रस्त होते. म्हणजे माणसे जितकी अधिक जगतील तितक्या घरांत हा पाहुणा येणार. त्याला लपवून कोणाचे लग्न जमत नसते. लपवलेले लग्नानंतर उघड झाले, की मुलीलाच ऐकून घ्यावे लागते. मी त्या पतीला एवढेच सांगितले की, ज्या घराला सासूबाईंचा थरथरता हात चालत नाही, त्या घरी मुलगी देण्यापूर्वी दोनदा विचार करा.

कवचबीज : औषध, वाजीकर आणि आपली जबाबदारी

आता थोडे द्रव्याविषयी; कारण त्याचा संबंधही अखेर घराशीच येतो.

आपल्या रानात जिला खाजकुयली म्हणतात त्या कपिकच्छूच्या बीजांतून लेव्होडोपा हे द्रव्य दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ सालीच वेगळे केले होते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६० रुग्णांना बीजापासून केलेले चूर्ण १२ आठवडे देण्यात आले व लक्षणांत सुधारणा नोंदवली गेली. मात्र त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, १८ रुग्णांवरील आयुर्वेदीय चिकित्सेच्या अभ्यासात शोधन व शमन दोन्ही झालेल्यांना केवळ शमन झालेल्यांपेक्षा अधिक लाभ दिसला. २००४ साली लंडनमधील ८ रुग्णांच्या अभ्यासात ३० ग्रॅम बीजचूर्णाचा असर नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झाला आणि अधिक वेळ टिकला. हे सारे आपल्यासाठी उत्साहवर्धक आहे, आणि लहान आहे. यातून ‘मुळापासून बरा’ अशी जाहिरात करण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही. तशा जाहिरातीवर विसंबून गोळ्या एकाएकी बंद केलेला रुग्ण ताठरून, तापाने फणफणून जीवघेण्या अवस्थेस पोचू शकतो. आणि त्याला खाटेवरून उतरवून रस्त्यापर्यंत आणणारी पुन्हा तीच उपस्थाता असते.

दुसरी बाब अधिक नाजूक आहे. कवचबीज हे आपल्या ग्रंथांत वाजीकर द्रव्य म्हणूनही प्रसिद्ध आहे, आणि दुकानांतून त्याचा खप मुख्यतः त्याच नावाखाली होतो. दुसरीकडे कंपवातात दिल्या जाणाऱ्या प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या गोळ्यांनी काही रुग्णांत संयम सुटतो : जुगार, बेसुमार खरेदी, अतिरेकी कामेच्छा. लेव्होडोपा घेणाऱ्यांतही हे क्वचित दिसते. माझ्याकडील एका पन्नाशीच्या रुग्णाने दोन वर्षांत मटक्यात दागिने घालवले आणि पत्नीला रात्री स्वस्थता दिली नाही. त्यातच तो कवचबीजयुक्त वाजीकर गोळ्या स्वतःच्या मनाने घेत होता. पत्नी हे मला सांगू शकली ती केवळ मी तिला एकटीला विचारले म्हणून. तिची समजूत अशी होती की, माणसाची नियत म्हातारपणी फिरली. तज्ज्ञांनी गोळी बदलली, मी वाजीकर बंद केले, आणि काही आठवड्यांत तो माणूस ओशाळून समोर बसला. दागिने परत आले नाहीत. पण पत्नीला कारण कळले, आणि कारण कळणे हेही औषध आहे.

म्हणून औषधी-विक्रेते बंधूंना माझी विनंती आहे :

१. कवचबीज मागणाऱ्यास, विशेषतः वय पन्नाशीपुढचे असल्यास, ‘कंपाच्या गोळ्या चालू आहेत का’ हा प्रश्न विचारल्याखेरीज पुडी देऊ नये. बीजातील लेव्होडोपाचे प्रमाण वाण, जागा व शोधनपद्धती यांनुसार बदलते. गोळ्यांच्या जोडीला अनियंत्रित चूर्ण गेले तर अंग आपोआप वळवळणे, मळमळ, रक्तदाब उतरणे असे उपद्रव होतात.

२. सर्पगंधेविषयी विशेष दक्षता घ्यावी. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली उच्च रक्तदाबावरील तिचे गुण जगापुढे मांडले, हा आपला अभिमानाचा विषय आहे. परंतु तिच्यातील रेसरपिन मेंदूतील डोपामिनचा साठा रिता करते. अर्विड कार्लसन यांनी १९५७ साली रेसरपिनने निश्चेष्ट केलेल्या प्राण्यांना लेव्होडोपाने पुन्हा हालते केले. त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. ज्याला कंपवात आहे, त्याला झोपेसाठी वा रक्तदाबासाठी सर्पगंधायुक्त वटी देणे म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणे होय.

३. चक्कर, उलटी वा आम्लपित्तासाठी सिनारिझिन, फ्लुनारिझिन, मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन या गोळ्या महिनोन्‌महिने घेणाऱ्यांत कंपवातासारखी लक्षणे उत्पन्न होतात, व ती बहुधा औषध थांबवल्यावर ओसरतात. नवा कंप दिसला की प्रथम जुन्या चिठ्ठ्या मागून पाहाव्यात आणि देणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे. ज्याला कंपवात आधीच आहे, त्याला तर मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइड देऊच नये.

वैद्यांनी काय करावे

माझ्या दवाखान्यात आता कंपवाताच्या प्रत्येक केसपेपरला मागच्या बाजूस ‘उपस्थाता’ अशा शीर्षकाचा रकाना आहे. दर तीन महिन्यांनी रुग्णाच्या पत्नीला वा पतीला एकांतात पाच प्रश्न विचारतो. झोप किती मिळते? झोपेत मारणे-ओरडणे होते का? त्यांच्या वागण्यात, पैशांत, संशयात काही बदल जाणवतो का? तुम्ही दोघे कामाखेरीज आपसांत बोलता का? आणि तुमचे स्वतःचे दुखणे काय आहे? शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जणी प्रथम हसतात, कारण तो त्यांना कोणी विचारलेलाच नसतो. मग कंबर, गुडघे, पांढरे जाणे, पंडुरोग असे एकेक बाहेर येते. उपस्थाता स्वतः रुग्ण असेल, तर तिची चिकित्सा ही रुग्णाच्याच चिकित्सेचा भाग मानावी व तिच्याकडून वेगळे शुल्क घेऊ नये, असा माझा नियम आहे.

दुसरे असे की, चार गोष्टी तिला प्रत्यक्ष करून दाखवाव्यात. पाऊल खिळले तर ओढू नये. जमिनीवर काठी आडवी धरून तीवरून पाऊल टाकावयास सांगावे, वा तालावर टाळी द्यावी. ज्याने जन्मभर तारप्याच्या तालावर फेर धरला आहे, त्याचे पाऊल तालाला बहुधा लवकर उठते. घास गिळताना मान किंचित खाली ठेवावी, पाणी घोटाघोटाने द्यावे. लेव्होडोपाची गोळी डाळ, दूध, मांस यांच्या जेवणाआधी पुरेसे अंतर राखून द्यावी, कारण प्रथिने तिच्या शोषणाच्या आड येतात. आणि बोलावयास पुरेसा वेळ द्यावा. त्यांचे वाक्य आपण पुरे करू नये.

तिसरे, शासकीय आधाराची माहिती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये पार्किन्सनचा स्पष्ट समावेश आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते, हे आपल्यातील किती जण रुग्णाला सांगतात? २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर कार्यालये थोडी जवळ आली आहेत. कागद भरावयास मदत करणे हे वैद्याच्या प्रतिष्ठेस उणेपणा आणणारे काम नव्हे. मानसिक ताणासाठी २०२२ पासून १४४१६ हा टेलि-मानस क्रमांक आहे. तो चिठ्ठीवर छापून घ्यावा. बाई स्वतः फोन लावणार नाही, म्हणून दवाखान्यातूनच लावून द्यावा.

चौथे, एकत्र येणे. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात, आणि दोघे सभेला बरोबर येतात. मुंबईत २००१ साली स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीही रुग्ण व कुटुंबीय यांचे गट चालवते. नावे बदलली की नजर बदलते, हे या मंडळींनी दाखवून दिले आहे. त्यांचा ‘शुभंकर’ म्हणजे आपल्या चरकाचा ‘उपस्थाता’च होय. शहरासारखी मासिक सभा पाड्यावर होणार नाही, हे मी जाणतो. परंतु आठवडे बाजाराच्या दिवशी माणसे मोखाड्याला, जव्हारला येतातच. त्या दिवशी दुपारी तासभर एखाद्या दवाखान्याच्या ओसरीवर चार-पाच दांपत्ये बसली, तर ‘माझ्याच घरात असे घडते’ ही समजूत गळून पडते. गेल्या पावसाळ्याआधी मी असे दोनदा केले. दुसऱ्या खेपेस बाया आपसांत बोलू लागल्या आणि मला बोलावयाची फारशी गरज उरली नाही.

संघटनेला नम्र सूचना

आपल्या संघटनेच्या प्रत्येक शाखेने ११ एप्रिल या जागतिक पार्किन्सन दिनी औषधवाटपाचे शिबिर घेण्याऐवजी ‘उपस्थाता वर्ग’ घ्यावा, असे मी सुचवितो. त्यात रुग्णाइतकेच महत्त्व सोबत आलेल्याला असावे. स्थलांतराच्या तालुक्यांत हा वर्ग दिवाळीपूर्वी एकदा पुन्हा घ्यावा, म्हणजे भट्टीवर निघालेल्या मुला-सुनांना मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांविषयी चार गोष्टी कळतील आणि औषधाचा साठा, शेजाऱ्याचा फोन, नातवंडाची शाळा यांची बोलणी निघण्यापूर्वी होतील. आशा कार्यकर्त्यांना आणि, काहींना हे रुचणार नाही तरी, भगतांनाही या वर्गास बोलवावे. झोपेत मारणाऱ्या माणसाला लोक प्रथम भगताकडे नेतात, हे वास्तव आहे. भगताने ‘हे डॉक्टरांना दाखवा’ म्हटले तर आपले अर्धे काम होते.

कोणी म्हणेल, वैद्याने औषध द्यावे, लोकांच्या संसारात डोकावू नये. मर्यादेचा हा मुद्दा मी मानतो. न विचारता उपदेश करणे, नवरा-बायकोत पंच होणे हे आपले काम नव्हे. परंतु व्याधी स्वतःच ज्यांच्या अंथरुणापर्यंत पोचला आहे, त्यांच्या दाराबाहेर वैद्याने मर्यादेचे नाव सांगून उभे राहणे, ही सोय झाली, मर्यादा नव्हे.

कंपवात आज आपण बरा करू शकत नाही. आधुनिक वैद्यकही करू शकत नाही. याप्य व्याधीत वैद्याचे काम रुग्णाचे आयुष्य निभावून नेणे हे असते, आणि ते आयुष्य एकट्याचे नसते. तेव्हा पुढच्या वेळी कंपवाताचा रुग्ण समोर येईल, त्याची नाडी अवश्य पाहावी. आणि दाराशी बसलेल्या त्या दुसऱ्या व्यक्तीला आत बोलावून खुर्ची द्यावी.

सूज्ञांस अधिक सांगणे न लगे.